एका पेटीत अकरा कोड: सीमाशुल्क मंडळाला सोलापूरहून खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ,
नवी दिल्ली

विषय: माग आणि मागाचे सुटे भाग यांच्या आयातीचे नियम लहान कारखानदाराला ऑर्डर देण्याआधी कळावेत, याबाबत

महोदय,

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात शटललेस (धोट्याशिवाय चालणाऱ्या) मागांचे आणखी दोन प्रकार पूर्ण शुल्कमाफीच्या यादीत आले: मिनिटाला ६५० मीटरच्या आत बाणा (आडवा धागा) टाकणारे रेपियर, म्हणजे चिमट्यानं धागा नेणारे, आणि १००० मीटरच्या आतले एअरजेट, म्हणजे हवेच्या झोतानं नेणारे. मूळ सीमाशुल्क साडेसात टक्क्यांवरून शून्यावर आलं. सोलापूरला यातला रेपियर महत्त्वाचा. टॉवेलचा माग रुंद असतो आणि पाइल (टॉवेलवरचे धाग्याचे फासे) उभी करायची असल्यानं तो फार पळवता येत नाही. फणीची रुंदी २३० सेंटिमीटर आणि वेग २६० आरपीएम धरला तर बाणा मिनिटाला ५९८ मीटर पडतो. आधीची सूट ६५० मीटरच्या वर सुरू होत होती आणि आमच्याकडचे बरेच माग नेमके त्या रेषेच्या खाली राहत होते. ती रेष आपण पुसलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

पत्र लिहायचं कारण त्याच्या पुढचं आहे. सूट जाहीर झाली. पण ती कुठल्या मागाला, कुठल्या कागदावर आणि कुठल्या अटीनं मिळते, हे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आठ-दहा मागांच्या कारखानदाराला ऑर्डर देण्याआधी समजेल अशा जागी आणि अशा भाषेत आपण कुठेच लिहून ठेवलेलं नाही. माल बंदरात उतरला की मात्र त्याला सगळं ठाऊक होतं असं धरून प्रश्न विचारले जातात, आणि तोवर कंटेनरचं भाडं रोज वाढत असतं.

आम्ही सोलापुरातल्या टॉवेल, चादर आणि गणवेशाच्या कारखान्यांचे आयात-निर्यातीचे कागद बघतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकनानं माग बदलत नाही. साध्या यंत्रमागावरून रेपियरवर जायचं तर पैसा लागतो, आणि यंत्रसामग्रीला अनुदान देणारी ए-टफ्स योजना मार्च २०२२ मध्ये संपली. मग पूर्वभागातला, म्हणजे सोलापूरच्या यंत्रमागांच्या तेलुगूभाषक वस्तीतला, कारखानदार दोनच वाटा बघतो: युरोपातल्या बंद पडलेल्या गिरणीतला जुना माग, नाहीतर चीनचा नवा. दोन्ही वाटा न्हावा शेवावरूनच येतात, सोलापूरपासून जवळपास चारशे किलोमीटरवरून. आयुष्यात दोन-तीनदा आयात करणारा हा माणूस आहे. आपली व्यवस्था बेतली आहे ती दर आठवड्याला आयात करणाऱ्यासाठी.

एप्रिल २०११ पासून आयातीत सेल्फ असेसमेंट आहे. वस्तूचा कोड (दरपत्रकातला वर्गीकरणाचा क्रमांक) कोणता, किंमत किती, सूट कोणत्या अधिसूचनेतली आणि शुल्क किती, हे सगळं आयातदारानंच ठरवून बिल ऑफ एंट्रीत (आयातीच्या घोषणापत्रात) भरायचं. चुकलं तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११(म) खाली माल जप्तीस पात्र ठरतो, कलम ११२ चा दंड आहे, माल सोडवायचा तर कलम १२५ चा दंड वेगळा. लपवाछपवी नसेल तर दोन वर्षं मागं जाऊन आणि असेल तर पाच वर्षं मागं जाऊन वसुली होते, पंधरा टक्के व्याजानं. या कडकपणाबद्दल आमची तक्रार नाही. पण हिशेब करायची जबाबदारी ज्याच्यावर टाकली, त्याला तो कसा करायचा हे आधी सांगणं ही टाकणाऱ्याची जबाबदारी आहे. आमचं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकीचे मुद्दे त्यातूनच निघतात.

पहिला मुद्दा सुट्या भागांचा, कारण सर्वाधिक घोळ तिथं होतो. माग एकदा येतो, सुटे भाग वर्षानुवर्षं येत राहतात. 'रेपियर लूम स्पेअर्स' असं एका ओळीचं इन्व्हॉइस येतं आणि सगळ्या पेटीवर ८४४८ हा मागाच्या सुट्या भागांचा कोड लावून बिल भरलं जातं. आता ती पेटी उघडून बघू. रेपियर टेप, रेपियर हेड, फणी, हिल्ड हे ८४४८ मध्येच बसतात. बेअरिंग ८४८२ मध्ये जातं. गिअर ८४८३. रबरी टायमिंग बेल्ट ४०१०, कारण दरपत्रकाच्या सोळाव्या विभागाच्या पहिल्याच टिपेनं रबरी पट्टे यंत्रांच्या प्रकरणाबाहेर काढलेत. रबरी सील आणि वॉशर ४०१६. टेक-अपची सर्व्हो मोटर ८५०१, तिचा ड्राइव्ह ८५०४. बाणा निवडणारं सोलेनॉइड ८५०५. कंट्रोल पॅनेल ८५३७. स्क्रू-नट ७३१८ आणि स्प्रिंग ७३२०, कारण सर्वसाधारण वापराचे भाग कुठल्याही यंत्राला लावले तरी लोखंडाच्या प्रकरणातच राहतात. एका पेटीत अकरा कोड झाले, आणि सगळ्यांचे दर सारखे नाहीत.

नियम तर्कशुद्ध आहे, हे आम्ही मान्य करतो. ज्या भागाला दरपत्रकात स्वतःचं नाव आहे तो त्या नावाखाली जाणार, उरलेला मागाचा भाग म्हणून जाणार. पण ही टिप वाचायला कुणी सांगितलेलंच नसतं. पुरवठादाराच्या यादीत प्रत्येक ओळीपुढं पार्ट नंबर आणि किंमत असते. वस्तू कशाची आहे, काय काम करते, ते नसतं. ती यादी तशीच भरली की तपासणीत पेटी फुटते, प्रत्येक तुकड्याचा फोटो मागितला जातो, आणि दोन लाखांच्या सुट्या भागांवर खोळंब्याचा खर्च शुल्कापेक्षा जास्त होतो. माग मात्र तितके दिवस उभा राहतो. टॉवेलची निर्यात ऑर्डर असेल तर जहाज चुकतं.

याच जातीची आणखी एक चूक जकार्डची, म्हणजे नक्षी विणायला मागावर बसवायच्या यंत्राची. इलेक्ट्रॉनिक जकार्ड मागासोबत एकाच बिलावर आला तर तो मागाचा अंग म्हणून बसवता येतो. सुटा करून पाठवलेलं पूर्ण यंत्र पूर्णच धरायचं, असा अर्थनिर्णयाचा नियम २(अ) आहे. तोच जकार्ड जागा पुरली नाही म्हणून दुसऱ्या कंटेनरमधून, दुसऱ्या जहाजानं, दुसऱ्या बिलावर आला की ८४४८ मधली वेगळी वस्तू होतो आणि त्याचा दर, त्याची सूट वेगळी बघावी लागते. कंटेनर भरणाऱ्याला हे कळवायला हवं होतं, हे आपल्या माणसाला माल निघाल्यावर कळतं.

दुसरा मुद्दा किमतीचा. शुल्क लागतं ते सीआयएफ किमतीवर, म्हणजे मालाची किंमत, भाडं आणि विमा मिळून. एक टक्का लँडिंग चार्ज सप्टेंबर २०१७ पासून गेला, तरी अजून हिशेबाच्या जुन्या कागदांत तो सापडतो. भाड्याचा पुरावा नसेल तर मूल्यांकन नियम २००७ प्रमाणे एफओबीच्या (भाडं-विमा सोडून मालाच्या किमतीच्या) २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरला जातो. आठ लाखांच्या एफओबीवर हे भाडं एक लाख साठ हजार होतं. खरं भाडं लाखाच्या आत असेल, तरी शिपिंग लाइनचं पत्र फाइलमध्ये नाही म्हणून जास्तीच्या रकमेवर कर बसतो.

हिशेब एकदा सरळ मांडतो, कारण तोही कुठं मराठीत मांडलेला नाही. दहा लाख सीआयएफचा माग, सूट नसेल तर: मूळ शुल्क साडेसात टक्क्यांनी ७५,०००. त्यावर समाजकल्याण अधिभार दहा टक्के, म्हणजे ७,५००. मग १०,८२,५०० वर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), १,९४,८५०. एकूण २,७७,३५०. सूट असेल तर मूळ शुल्क शून्य, अधिभारही शून्य, उरला फक्त दहा लाखांवरचा १,८०,००० आयजीएसटी. म्हणजे अधिसूचनेचा अनुक्रमांक बिलात बरोबर लागला की नाही, यावर एका मागामागं ९७,३५० रुपये अवलंबून असतात. त्यातले ८२,५०० तर कुठल्याही क्रेडिटनं परत येत नाहीत. अनुक्रमांक लावायचा राहिला आणि माल सुटला, तर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नुसता परताव्याचा अर्ज चालत नाही, आधी असेसमेंट बदलून घ्यावं लागतं. ही गोष्ट आमच्या भागात फार थोड्यांना माहीत आहे.

बसवणीच्या खर्चाचंही तसंच. माग जोडून चालू करून द्यायला परदेशी तंत्रज्ञ येतो. आयातीनंतर इथं होणाऱ्या जोडणीचा खर्च इन्व्हॉइसमध्ये वेगळा दाखवला असेल तर तो शुल्कपात्र किमतीत धरत नाहीत. सगळं मिळून एक आकडा लिहिला असेल तर पूर्ण आकड्यावर कर बसतो. उलट तिकडच्या गिरणीतून माग उचकटून पेटीत भरायचा खर्च किमतीत धरावाच लागतो. पुरवठादाराला एक मेल आधी गेला असता तर हे सगळं जागेवर आलं असतं.

तिसरा मुद्दा जुन्या मागांचा, आणि इथं आम्हाला जरा थांबून बोलायचं आहे. परकीय व्यापार धोरणात जुनी भांडवली यंत्रं आणायला मोकळीक आहे. ईपीसीजीत, म्हणजे निर्यातीच्या अटीवर यंत्रं शुल्काशिवाय आणू देणाऱ्या योजनेत, मात्र जुनं यंत्र चालत नाही. निर्यात करणारा टॉवेलवाला शून्य शुल्काच्या त्या योजनेखाली जुना रेपियर आणायला निघतो आणि परवान्याच्या टप्प्यावर अडतो. तेही असो. खरी अडचण किमतीची आहे. जुन्या मागाला चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो: उत्पादनाचं वर्ष, त्या वर्षीची नव्याची किंमत, आजची अवस्था, उरलेलं आयुष्य. निघण्याच्या बंदरावर तपासणी झाली असेल तर एका नमुन्यात, नसेल तर इथं बंदरावर दुसऱ्या नमुन्यात.

खरेदीची किंमत मान्य झाली नाही की जुनी घसाऱ्याची पद्धत पुढं येते. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच, त्यापुढं २ टक्के, आणि सगळा घसारा मिळून ७० टक्क्यांच्या पुढं जाणार नाही. बेरीज करून बघा. पहिल्या तीन वर्षांत १६, १२ आणि १० मिळून ३८ टक्के. त्यानंतर वर्षाला ८ टक्के. सातवं वर्ष संपलं की ७० टक्के पुरे. त्यापुढं माग पंधरा वर्षांचा असो की बावीस, त्याची किंमत नव्याच्या ३० टक्क्यांवर थिजते. समजा नवा असताना चाळीस हजार युरोचा माग. पंधरा वर्षांनी गिरणी बंद पडली, जागा रिकामी करायची म्हणून तो सात हजारांना विकला गेला. बँकेतून सात हजारच गेले. घसाऱ्याच्या हिशेबानं किंमत निघते बारा हजार. युरो शंभर रुपये धरला तर पाच लाख रुपये कागदावर वाढले आणि नुसता आयजीएसटीच नव्वद हजारांनी वाढला.

कायदा काय म्हणतो? कलम १४ आणि मूल्यांकन नियमांप्रमाणे आधी प्रत्यक्ष दिलेली किंमत. २००० साली आयशर ट्रॅक्टर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं, की अपवादाची कारणं नसतील तर व्यवहारातली किंमत मानायची. तो वाद जुन्या साठ्यातल्या बेअरिंगच्या सवलतीच्या दराचा होता. किमतीवर शंका असेल तर नियम १२ आहे, आणि आयातदारानं मागितलं तर शंकेची कारणं लेखी द्यावी लागतात. पण मागायचं असतं हे त्याला माहीत नसतं. 'जाहीर केलेल्या किमतीचं समर्थन करा' एवढ्या एका वाक्याची क्वेरी (खात्याचा प्रश्न) येते. सीएचए (सीमाशुल्काचं काम करणारा दलाल) म्हणतो, वाढवून घ्या, नाहीतर महिना जाईल. कारखानदार 'मान्य' लिहून देतो. ते लिहून दिलं की कलम १७(५) खालचा कारणांसह आदेश पंधरा दिवसांत मिळायचा हक्क संपतो आणि पुढं अपिलात उभं राहायला पायाच उरत नाही. कलम १८ ची तात्पुरत्या असेसमेंटची सोयही त्याच कायद्यात आहे: बाँड आणि हमी द्या, माल न्या, किमतीचा वाद मागाहून होऊ द्या. २०२५ च्या वित्त कायद्यानं त्या वादाला दोन वर्षांची मुदतही घातली. हे चांगलं झालं. पण क्वेरीच्या पडद्यावर ही सोय कुठंही दिसत नाही.

चौथा मुद्दा वेळेचा. बिल ऑफ एंट्री जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं, नाहीतर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढं रोज १०,०००. पाच दिवस उशीर म्हणजे ३५,०००. ज्याचे मूळ कागद बँकेमार्फत येतात त्याच्या हातात ते जहाजाच्या नंतर पडतात. प्रतींवर बिल भरता येतं, तीस दिवस आधीही भरता येतं, पण हे सांगणारा कुणी नसतो. आधी भरलेल्या बिलाला शुल्काचा दर मात्र जहाज दाखल होतानाचा लागतो, हेही अर्थसंकल्पाच्या आसपास माल मागवणाऱ्याला आधी कळायला हवं.

ऑक्टोबर २०२० पासून फेसलेस असेसमेंट, म्हणजे आयातदार आणि अधिकारी समोरासमोर न येता होणारी बिलाची तपासणी, देशभर आहे. ओळखीवर चालणारं काम कमी झालं, याचं आम्ही स्वागत करतो. पण रेपियर टेप हातात न घेतलेल्या अधिकाऱ्यासमोर दुसऱ्या शहरात बिल उघडतं, तेव्हा एकामागून एक क्वेरी येते. आधी कॅटलॉग, तो दिला की बाणा पडण्याचा वेग, तो दिला की पुरवठादाराचं किमतीचं पत्र. प्रत्येक वेळी एक-दोन दिवस जातात. हे तिन्ही कागद पहिल्याच क्वेरीत मागता आले असते.

त्यात सीएफएसचं (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं) ग्राउंड रेंट आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचं शुल्क). २००९ च्या कार्गो हाताळणी नियमांत स्पष्ट लिहिलंय की अधिकाऱ्यानं अडकवून ठेवलेल्या मालावर भाडं घ्यायचं नाही. पण क्वेरीत अडकलेला माल कागदोपत्री अडकवलेला नसतो. त्यामुळं खात्याच्या प्रश्नात गेलेल्या दिवसांचं भाडं कारखानदार भरतो. क्वेरीचं उत्तर देऊन झाल्यावर खात्याकडे पडून राहिलेल्या दिवसांचंही भाडं तोच भरतो. यातला शेवटचा भाग तरी कुठल्याही न्यायात बसत नाही.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. लाकडी पेट्यांवर आयपीपीसीचा (कीडमुक्त लाकडाचा आंतरराष्ट्रीय) शिक्का नसेल तर माग लोखंडाचा असला तरी माल अडतो. लाकूड भट्टीत तापवून किंवा धुरी देऊन किडमुक्त केलेलं हवं. बिलात जीएसटीआयएन एका अंकानं चुकला तर आयजीएसटीचं क्रेडिट जीएसटीच्या २बी विवरणात दिसत नाही आणि मग दुरुस्तीसाठी कलम १४९ चा अर्ज. मागावरचा अठरा टक्के आयजीएसटी, पाच टक्क्यांच्या टॉवेलवर वसूल व्हायला वर्षं लागतात. उलट्या कररचनेच्या परताव्यात (कच्च्या मालावरचा कर तयार मालापेक्षा जास्त असला की मिळणाऱ्या) भांडवली यंत्रं धरत नाहीत. हा शेवटचा प्रश्न जीएसटी परिषदेचा आहे, आपल्या एकट्याच्या हातातला नाही, पण परिषदेसमोर टिपणी आपल्याकडूनच जाते म्हणून इथं लिहिलं. आणि अवजड उद्योग मंत्रालयाचा ऑगस्ट २०२४ चा यंत्रसुरक्षा आदेश: त्यात ८४४६ या कोडचे मागही घातले, अंमलबजावणी आधी ऑगस्ट २०२५ ला होती, ती मग १ सप्टेंबर २०२६ वर गेली. माग ठरवण्यापासून तो उतरेपर्यंत महिने जातात. अशा वेळी कोणती तारीख धरून आगाऊ रक्कम भरायची, याचं उत्तर बंदरावर देऊन उपयोग नाही.

आपण म्हणाल की माहिती सगळी उघड आहे. कॉम्प्लायन्स इन्फर्मेशन पोर्टल २०२१ मध्ये सुरू केलंत, कोड टाकला की दर दिसतो. खरं आहे. पण ज्याला कोडच माहीत नाही तो तिथं टाकणार काय? आगाऊ निर्णयाची सोय आहे: मुंबईत आणि दिल्लीत प्राधिकरण, दहा हजार फी, तीन महिन्यांची मुदत, निर्णय काही वर्षं लागू. मोठ्या गिरणीला ती उत्तम आहे. दोन लाखांच्या सुट्या भागांसाठी दहा हजार आणि तीन महिने कोण घालवणार? एईओची (खात्यानं विश्वासू ठरवलेल्या आयातदाराची) सवलत लघुउद्योगाला सैल केलीत, तरी वर्षाला किमान दहा दस्तऐवज हवेत. पाच वर्षांत एकदा माग आणणारा त्या दारात उभाच राहू शकत नाही. सोयी आहेत, पण प्रत्येकीची पहिली पायरी आमच्या माणसाच्या उंचीपेक्षा वर आहे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ लिहितो.

१. विणकाम, वार्पिंग, फिनिशिंग आणि शिलाई यंत्रांसाठी एक पुस्तिका काढा, मराठीत. तेलुगूतही काढलीत तर पूर्वभागात ती जास्त वाचली जाईल. तीत यंत्रं आणि नेहमी मागवले जाणारे शे-दीडशे सुटे भाग चित्रासह असावेत. प्रत्येकापुढं कोड, दर, अधिसूचनेचा अनुक्रमांक, अट, आणि सूट जुन्या यंत्राला लागू आहे की नाही हे त्याच ओळीत. दर अर्थसंकल्पानंतर ती नवी व्हावी. खात्याच्या अधिकाऱ्यावर ती बंधनकारक असावी. नाहीतर ती नुसती जाहिरात ठरेल.

२. जुन्या मागांच्या किमतीची पद्धत उघड करा. सात वर्षांनंतर घसारा थांबवणारी ७० टक्क्यांची मर्यादा पुन्हा तपासा. लिलावात किंवा गिरणी बंद पडताना घेतलेल्या मागाला लिलावाचा कागद आणि बँकेचा स्विफ्ट संदेश (परदेशी पैसे पाठवल्याची नोंद) पुरावा म्हणून पुरेसा धरा, आणि तो नाकारायचा असेल तर आयातदारानं न मागता लेखी कारणं द्या.

३. यंत्रांसाठी क्वेरीचा एकच नमुना ठरवा. कॅटलॉग, वेग, उत्पादनाचं वर्ष, भाड्याचं पत्र, बसवणीचा वेगळा आकडा, हे सगळं एकदाच मागा. त्याच पडद्यावर तीन ओळी ठेवा: कारणं लेखी मागण्याचा हक्क, कारणांसह आदेशाचा हक्क, तात्पुरत्या असेसमेंटची सोय.

४. क्वेरीला उत्तर दिल्यापासून पुढचा आदेश येईपर्यंतचे दिवस 'अडकवलेला माल' म्हणून धरा, आणि भाडेमाफीचं प्रमाणपत्र संगणकातून आपोआप निघू द्या. तारखा आपल्याच प्रणालीत आहेत. वेगळा अर्ज लागायचं कारण नाही.

५. पन्नास लाखांच्या आतल्या यंत्र आयातीसाठी ऑर्डर देण्याआधी कोड आणि सूट विचारायची सोय द्या. कॅटलॉगची चार पानं आणि प्रोफॉर्मा इन्व्हॉइस पाठवलं की पंधरा दिवसांत लेखी उत्तर, कमी फीमध्ये. त्या उत्तराप्रमाणे बिल भरलेल्या माणसावर मागाहून दंड नको. फरक निघाला तर शुल्क घ्या, व्याज घ्या.

६. महिन्यातून एक दिवस सोलापुरात कक्ष लावा. प्रकरण ८४ चं असेसमेंट केलेला अधिकारी त्यात बसावा. प्रास्ताविक, सत्कार, हार-तुरे यांची गरज नाही. टेबल, संगणक आणि शंकांची नोंदवही पुरे. विचारलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरं संकेतस्थळावर टाकत गेलात तर इचलकरंजी, मालेगाव आणि भिवंडीलाही त्याचा उपयोग होईल.

७. २०२५ च्या वित्त कायद्यातल्या कलम १८अ नं माल सुटल्यावर स्वतःहून चूक दुरुस्त करायची वाट उघडली. ती कशी वापरायची, किती रक्कम भरायची, त्यावर दंड लागतो की नाही, याचं एका पानाचं मराठी पत्रक काढून सगळ्या जिल्हा उद्योग केंद्रांत ठेवा.

यातल्या सहाव्या आणि सातव्या मागणीला कायदाबदल लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. त्यांचं उत्तर साठ दिवसांत मिळावं. पुस्तिकेसाठी सोलापुरात कोणते भाग मागवले जातात, त्यांची इकडची नावं, पार्ट नंबर आणि फोटो यांची यादी आम्ही तयार करून देऊ. आपल्याकडून ती कुणाकडे पाठवायची ते पद आणि कार्यालय कळवावं.

कळावे,

आपले,
टॉवेल, चादर व गणवेश कारखान्यांचे आयात-निर्यातीचे कागद पाहणारे,
सोलापूर